नोरीनचा जळफळाट

आल्डो ग्रेमच्या मानेला सनस्क्रीन चोळत होता आणि नोरीनच्या अंगाचा तिळपापड होत होता.

चोळावं तरी किती! मान आहे का कणकेचा गोळा? आणि ग्रेमही डोळे मिटून मान वाकवून उभा. पासष्टीचा बाप्या, डोक्यावर गुलाबी टोपी, आणि सेंट किल्डाच्या भर रस्त्यात लाड करून घेतोय.

“आई,” टेगन तिच्या कानाशी म्हणाली, “तोंड बघ जरा तुझं.”

“काय झालं माझ्या तोंडाला?”

“लिंबू चावल्यासारखं झालंय. आज नको गं. कबूल केलंयस तू.”

कबूल केलं होतं खरं. तिचा नवरा ग्रेम घर सोडून आल्डोकडे राहायला गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघं दरवर्षी आपल्या बोलिंग क्लबबरोबर प्राइड परेडमध्ये चालायचे. नोरीन दरवर्षी फुटपाथवर उभी राहून बघायची, मग काहीतरी खुसपट काढून भांडायची आणि तणतणत ट्रॅम पकडायची. मग मुळात येते कशाला ही बया, असं क्लबातल्या बायका विचारायच्या. अजून जीव आहे त्याच्यावर, दुसरं काय, असं उत्तरही त्याच द्यायच्या.

नाताळचं जेवण त्यामुळे दोन घरांत दोनदा व्हायचं. यंदा टेगनला सातवा महिना होता आणि तिने निर्वाणीचं सांगितलं होतं. “माझ्या बाळाला एकच टेबल हवंय, आई. परेडमध्ये बाबांबरोबर शेवटपर्यंत चालून दाखव. आज भांडलीस तर आमचा नाताळ यापुढे आल्डोकडेच.” म्हणून क्लबच्या बॅनरचा एक बांबू आज नोरीनच्या हातात होता. दुसरा ग्रेमकडे.

“तुझंही नाक लाल झालंय, नोरीन,” आल्डो ट्यूब घेऊन पुढे आला. “लावू का थोडं?”

“नाक माझं आहे. माझं मी बघेन.”

“आई!”

“बरं बाई, गप्प बसते.”

पुढे मोटारसायकलवाल्या बायकांनी इंजिनं सुरू केली. परेड नेहमी त्यांच्यापासूनच सुरू होते. रस्ताभर धडधडाट झाला, लोक शिट्या वाजवू लागले. एकीचे केस पांढरेशुभ्र होते आणि मागच्या सीटवरची तिच्याच वयाची बाई तिच्या कमरेला मिठी मारून, गाल तिच्या पाठीला टेकवून बसली होती. नोरीन टक लावून बघत राहिली.

ग्रेम वाकून म्हणाला, “तुला आवाजाचा त्रास होतो ना? जरा मागे थांबू या का?”

“मला नाही होत त्रास!” ती खेकसली. “एकोणीस वर्षं तूच ठरवतोयस मला कशाचा त्रास होतो ते.”

टेगनने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात कठड्यापलीकडून एक पोरगा ओरडला, “आजोबा, झकास दिसताय दोघं! किती वर्षं झाली?”

“एकोणीस!” ग्रेम म्हणाला आणि आल्डोच्या खांद्यावर हात टाकून खदाखदा हसला. तिच्या घरात चौदा वर्षं राहिला, पण असा हसला नव्हता कधी. हे सुख आपलं होतं, आपल्याला मिळायला हवं होतं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पदरात पडलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तिने बांबू रस्त्यावर ठेवून दिला.

“नाही जमायचं मला. जाते मी.”

टेगनचे डोळे भरून आले. अकरा वर्षांची होती तेव्हा, बाप गेला त्या आठवड्यात, ती अशीच रडली होती. आईच्या गळ्यात पडून म्हणाली होती, “तू तरी आहेस तशीच राहा.” आणि नोरीन राहिली. घर तेच, पडदे तेच, नोकरी तीच. पुन्हा कुणाशी घरोबा केला नाही. काय बाई आहे, असं लोक अजून म्हणतात.

ग्रेमने हात धरून तिला कठड्यापाशी नेलं.

“एकदा मनसोक्त शिव्या घाल मला, पण जाऊ नकोस. पोरीसाठी तरी. मी विसरलेलो नाही गं. त्या संध्याकाळी तू मटणाची तंगडी भाजली होतीस, टेगनला आजीकडे पाठवलं होतंस, नवा ब्लाउज घातला होतास. आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या सांगून मोकळा झालो. तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. एवढं सगळं तू माझ्यासाठी केलं होतंस, आणि मी... अजून लाज वाटते मला.”

नोरीनने हात सोडवून घेतला.

“आल्डो वाईट माणूस नाही, नोरीन.”

“आल्डोचं काय घेऊन बसलास? सोन्यासारखा आहे आल्डो.”

“मग इतकी वर्षं जळतेस कुणावर?”

“तुझ्यावर.”

“माझ्यावर?” ग्रेमला काही कळेना. “का?”

“आधी बोललास म्हणून.”

“बेचाळीस नंबर!” पिवळ्या जाकिटातला स्वयंसेवक ओरडला. “बोलिंग क्लब, चला, पुढे व्हा!”

बॅनर अजून रस्त्यावर पडला होता. टेगन पोटावर हात ठेवून दोघांकडे बघत होती. नोरीनने डोळे पुसले.

“माझ्या नेटबॉलच्या टीममधली मेव्ह आठवते तुला?”

“ती हॉबर्टला निघून गेली ती? तिचं काय?”

“त्या संध्याकाळी ती आपल्या कोपऱ्यावर गाडी लावून बसली होती,” नोरीन आपला बांबू उचलत म्हणाली. “माझी बॅग तिच्या डिकीत होती.”