कापलेला पट्टा

चप्पल हातात घेताच फुटपाथवरच्या काकांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "ताई, हा तुटला नाही. ब्लेडनं कापलाय."

चोरी पकडल्यासारखी विभावरी ओशाळली. तिच्या कादंबरीचा नायक चपला शिवणारा होता आणि तिला त्या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तिची दातखीळच बसे. चार दिवस ती समोरच्या थांब्यावरून नुसती बघून परतली होती. आज बोलायला निमित्त हवं म्हणून तिनं चांगलीभली चप्पल कापली होती.

"असे महिन्याला दोघं-तिघं येतात," टाके घालत काका म्हणाले. "मी शिवतो, ते मन मोकळं करतात. बोला, घरी काय झालं?"

घरी? विभावरी गोंधळली. खरंच काही झालं होतं का? पर्समध्ये वीस प्रश्न होते, त्यांतला एकही आठवेना.

"घरी काही नाही," ती कशीबशी म्हणाली. "मला... तुमच्याबद्दल विचारायचंय."

"माझ्याबद्दल?" काकांनी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

शिवलेली चप्पल त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवली, पुन्हा उचलली आणि टाके एकेक करून उसवले.

"बसा," ते म्हणाले, "सावकाश शिवतो."