साग्दात अतांचं मत

"म्हणजे आमच्या मेंढ्या अंधारात चमकणार!" मुकान धनगर मागच्या बाकावरून ओरडला. "बरंच झालं की. हरवल्या तर शोधायला सोप्या!"

शाळेचा हॉल हसला. झानारही हसली. गेल्या महिन्याभरात कझाखस्तानातल्या अकरा गावांत तिने हा विनोद ऐकला होता.

रविवारी देशभर मतदान होतं. सरोवराकाठी अणुवीज केंद्र बांधायचं की नाही, यावर. झानार केंद्राच्या बाजूने गावोगाव सांगत फिरत होती. बाकीच्या गावांत लोक किंमत विचारत, नोकऱ्या विचारत. तासबुलाकमध्ये कुणी काहीच विचारत नव्हतं. या गावाने साठ-बासष्ट वर्षांपूर्वी माळाच्या पलीकडे अणुबॉम्बच्या चाचणीचा दुसरा सूर्य उगवताना पाहिला होता. तेव्हापासून इथल्या दफनभूमीत लहान थडगी जास्त होती.

"बॉम्ब वेगळा आणि वीज केंद्र वेगळं," झानार म्हणाली. "मी कोळशाच्या गावातली आहे. आमच्याकडे बर्फसुद्धा काळा पडतो. माझे वडील खाणीत नव्हते, शाळेत शिकवत होते. तरी त्रेपन्नाव्या वर्षी खोकून खोकून गेले. त्या धुराची मोजदाद कुणी करत नाही, कारण तो आवाज न करता मारतो. या केंद्रातून धूर निघणार नाही."

"कचरा तर निघेल ना?" काल्दीगुलने विचारलं. तिचा भाऊ शेजारी बसला होता. तो जन्मापासून आंधळा होता.

"निघेल. तो सांभाळावा लागेल, आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही. हे मी लपवणार नाही."

काल्दीगुलने मान हलवली, पण तिची नजर पहिल्या रांगेत गेली. सगळ्यांचीच गेली. तिथे साग्दात अता, म्हणजे गावाचे साग्दात आजोबा, बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून.

अतांचं वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी ते इथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते, पण गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचं. त्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रियेचा जुना व्रण होता. गावातल्या प्रत्येक आजाऱ्यासाठी त्यांनी राजधानीला अर्ज लिहिले होते, अधिकाऱ्यांशी भांडले होते. अता बोलतील तसं तासबुलाक मत देणार, हे झानारला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

म्हणून काल ती त्यांच्या घरी गेली होती. अतांच्या बायकोने दुधाचा चहा आणि बाउर्साक, पिठाचे गरम तळलेले गोळे, पुढे ठेवले. म्हातारी ऐंशीची होती, पण साखरेचा खडा स्वतःच्या दातांनी फोडत होती. अंगणात पणतवंडांचा धिंगाणा चालला होता. अता सोडले तर त्यांच्या घरात कुणालाच त्या किरणांचा आजार शिवला नाही; देवाने त्यांच्या सेवेचं फळ दिलं, असं मुख्याध्यापिका रौशन आपा तिला वाटेत सांगत होत्या.

अतांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरी, हे तुला कुणी सांगितलं?"

"मी शिकलेय अता. सात वर्षं."

"शिकलीस ते ठीक. तुझं मन मानतं का?"

"मानतं. नाहीतर दारोदार कशाला फिरले असते?"

अतांनी तिच्या पेल्यात पुन्हा चहा ओतला. "मग उद्या बोल," ते म्हणाले. "मी शेवटी बोलेन."

आता ते उठले. झानारने कागद आवरायला घेतले. अता नाहीच म्हणणार, हे गाव हातचं गेलं, असं तिला वाटलं.

"ही पोर खोटं बोलत नाही," अता म्हणाले. "तिला पटलंय तेच सांगतेय. तुम्हाला पटलं तर हो म्हणा, नाही पटलं तर नाही म्हणा. पण माझ्या तोंडाकडे बघून मत देऊ नका."

"असं कसं अता?" मुकान म्हणाला. "तुमच्याशिवाय आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा?"

"तेच सांगायला उभा राहिलोय." त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. "त्या वर्षी ऑगस्टमध्ये अधिकारी आला होता, तुम्हाला घराबाहेर काढून गेला, असं तुम्ही मुलांना सांगता. अधिकारी गाडीतून उतरलासुद्धा नव्हता. दारं मी वाजवली होती. भिंती पडतील, बाहेर मोकळ्यावर उभे राहा, साधी कवायत आहे, काही होत नाही, असं मी सांगितलं. तुम्ही माझं ऐकलंत, कारण मी आपला माणूस होतो."

भट्टीत कोळसा तडतडला.

आधी काल्दीगुल उठली. तिची आई त्या सकाळी या भावाच्या वेळी पोटुशी होती आणि बाहेर उभी होती. ती अतांजवळ गेली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला.

"बावीस वर्षांचं पोर होतात तुम्ही," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं, तुम्ही तेच आम्हाला सांगितलंत. तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं, अता?"

मागून बायकांचं मुसमुसणं ऐकू आलं. "खरंच," रौशन आपा म्हणाल्या, "तुमचा काय दोष?" मुकानने टोपी काढली. झानारचेही डोळे भरून आले.

अतांनी आपला हात हळूच काल्दीगुलच्या हातातून सोडवून घेतला.

"आदल्या दिवशी," ते म्हणाले, "मी माझ्या आईला आणि बायकोला ट्रकमध्ये बसवून दूर शहरात पाठवून दिलं होतं."