न भुंकणारं पिल्लू

शिवलकरांनी महिन्याभरात तिसरं पिल्लू परत आणलं, तेव्हा जन्नतचा संयम सुटला. गाडीतळावर, एसटीडी बूथशेजारच्या त्या दुकानात पाखरं आणि कुत्री विकताना तिने तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली होती; पण असलं मागणं कुणाचंच नव्हतं.

"न भुंकणारं द्या म्हटलं होतं ना तुम्हाला?" टोपली काउंटरवर आदळत ते म्हणाले. "मुलीने हट्ट धरलाय म्हणून, नाहीतर पायरी चढलो नसतो तुमची!"

"कुत्रा म्हटला की भुंकणारच, साहेब. आणि भुंकतं तरी कशावर एवढं?"

"मागच्या खोलीच्या दारावर. दिवसभर तिथेच बसून दार ओरबाडतं, केकाटतं. आधीची दोन्हीही तशीच. आता शेजारी विचारायला लागलेत."

"मग आत उंदीर झाले असतील. दार उघडून बघा की एकदा."

"उंदीर कुठले! आई असते आत." शिवलकरांच्या कपाळावर आठी पडली. "बाहेरून कडी घालतो आम्ही, पण ती बिचारी आताशा हाकसुद्धा मारत नाही. सगळा गोंगाट ह्या कुत्र्यांचाच."