साडूचा फंड

टाळ्या थांबेनात. बाटल्यांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आज निरोप दोघांचा होता, पण टाळ्या एकट्या साडूच्या वाट्याला येत होत्या. तपासनीस शेजारच्या खुर्चीवर बसून चेहरा हसरा ठेवत होता. दोघं एकाच कारखान्यातले, एकाच दिवशी निवृत्त होणारे, बायका सख्ख्या बहिणी. तरी सासरे आयुष्यभर सल्ला विचारत आले तो धाकट्या जावयालाच. त्या लेकाचे केससुद्धा अजून काळेभोर. उजेडासमोरून सरकणाऱ्या बाटलीतला बारीकसा तडाही तपासनिसाच्या नजरेतून सुटायचा नाही. साडूत मात्र हयातभर शोधून एक सापडला नव्हता. हीच त्याची पोटदुखी.

एकदाच त्याचा डाव साधला होता, मंदीच्या वर्षी. पगारातून कापून निवृत्तीच्या फंडात जाणारे पैसे बाजारात गुंतवलेले असत आणि बाजार कोसळला होता. साठवलेलं दर महिन्याला आटत होतं. पैसे कापू द्यायचे की बंद करायचे, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. तपासनिसाने गुपचूप बंद केले आणि वाचलेल्या पैशांतून हप्त्यावर गाडी घेतली. कारण साडूकडे अजून सायकलच होती. पण तेवढ्याने कसला जीव थंड होतोय. रविवारी सासऱ्यांकडे सगळे जेवायला बसले होते, तेव्हा साडूने आपण होऊन विषय काढला.

"दादा, फंडाचं तुम्ही काय करताय? माझा तर धीरच सुटलाय. बंद करून टाकावा म्हणतो."

"बंद? मी दुप्पट केलाय," तपासनीस घास चावत म्हणाला. "मंदीतच तर भरायचा असतो. पण त्याला छाती लागते."

सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. बायकोने न मागता ताटात वाढलं.

पुढच्याच महिन्यात साडूनेही फंड दुप्पट केल्याचं कळलं आणि तपासनिसाला मनातून गुदगुल्या झाल्या. बूड लेका! मेहुणीने दूध कमी केलं, पोरांनी जुनेच बूट ओढले, साडू सायकल हाणत राहिला. हा शेजारून हॉर्न वाजवत जायचा. फंड पुन्हा सुरू करावा असं त्याला दर वर्षी वाटायचं. पण जुनी गाडी विकून नवी आली, नवीचेही हप्ते आले, आणि फंड राहून गेला. दरम्यान बाजार सावरला, वर चढला, चढतच राहिला.

आता साडू माइकपाशी उभा होता. "माझं यात काही नाही," तो म्हणाला. "त्या वर्षी मी घाबरलो होतो. दादांनी छाती दाखवली म्हणून मी भरत गेलो. आज आम्ही दोघं निवांत बसून खाऊ, ते यांच्यामुळे." एवढं बोलून तो वळला आणि त्याने तपासनिसाला भर सभेत मिठी मारली. डोळे खरोखर भरलेले. तपासनिसाचा नुसता जळफळाट झाला. याला साधं खोटं रडताही येऊ नये?

कार्यक्रम उठला. बायको गर्दीतून वाट काढत आली. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्री करायची, पाय सुजलेले असायचे, पण आज चालीत वेगळाच तोरा होता. बहिणीसमोर इतक्या ताठ मानेने ती कधी उभी राहिली नव्हती. तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"भाऊजींचा फंड किती झाला ते धाकटीने परवाच सांगितलं मला," ती हळूच म्हणाली. "आपला किती, हे मी विचारलंसुद्धा नाही तुम्हाला. आज सकाळी सरळ राजीनामा देऊन आले."