वाऱ्यातला आडोसा

खिडकीबाहेर तारेवर अडकलेला टॉवेल. गार झालेला चहा. जमिनीपासून शेकडो किलोमीटर वरच्या आयनांबरापर्यंतची सगळी हवा, हवामान केंद्रातल्या माझ्या स्क्रीनवर.

बाहेर वादळ होतं आणि नवरा गाडी घेऊन त्यातूनच घरी निघाला होता. प्रत्यक्ष मोजलेल्या वाऱ्यावर चालणाऱ्या आमच्या मॉडेलमध्ये त्याच्या रस्त्यालगत एका जागी वारा दुभंगत होता, पार आयनांबरापर्यंत.

“डोंगर आडवा आलाय. त्याला धडकून उठलेल्या हवेच्या लाटा जातात वरपर्यंत,” शेजारचा सहकारी म्हणाला. “नवऱ्याला पळवून नाही नेणार तो!”

तेवढ्यात नवऱ्याचाच फोन आला.

“अगं, इथे वारा एकदम पडलाय. गाडी लावून उतरलोय. मस्त आडोसा मिळाला.”

“कशाचा?”

“अंधारून आलंय, दिसत नाही. पाठ टेकलीय फक्त. कोमट लागतंय.”

सकाळच्या पाळीने चाचणीसाठी मॉडेलमधले सगळे डोंगर काढून टाकले होते.