संदर्भ हवा

यंत्राने ओठ वाचले आणि मुक्या चित्रफितीतली बाई बोलू लागली. धरणाखाली गेलेल्या गावाची ही जुनी फीत एका दूरचित्रवाणी वाहिनीने इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशाला दिली होती. ट्रकवर बसलेली बाई म्हणत होती, "कुमुद, चल गं लवकर."

घरात आईचा एकही फोटो नसलेल्या कुमुदने फितीखाली लिहिलं, 'ही माझी आई.'

"ताई, छापील संदर्भ आहे का?" ज्ञानकोशातला तिचा सहसंपादक अझहर याने फोनवर विचारलं. "नुसती आठवण आपण ग्राह्य धरत नाही. नियम तुम्हीच केलेला आहे."

"हो, मीच."

तिने ओळ खोडली. गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला आणि लिहिलं, 'अनोळखी स्त्री कुमुद नावाच्या मुलीला बोलावत आहे. मुलीची माहिती उपलब्ध नाही.'