वाळुंजाचा कोंब

बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीचा विषारी गाळ मातीखाली गाडला, त्याला बारा वर्षं झाली. यंदा बर्फ वितळताच त्या उजाड टेकाडावर वाळुंजाचा वीतभर कोंब दिसला आणि म्हातारा मोडेस्त त्याच्यापाशी उकिडवा बसला. “सेलिन, बघ! जमिनीचा राग गेला.” देखरेखीच्या कामावर असलेल्या लेकीनं पिशवी उघडली. “बाबा, तो उपटावा लागेल.” “नोकरी लागल्यापासून डोकं फिरलंय तुझं! इथं हिरवं बघायलाच जिवंत राहिलोय मी.” “मुळं खालच्या सोमलात जातात. विष पानांत चढतं. पानं मूस हरणं खाणार, हरणं आपण.” उभा जन्म शिकारीत घालवलेल्या म्हाताऱ्यानं खिशातून पुडी काढली. मग, रानातून काही घेण्याआधी त्यांच्या डेने जमातीचा माणूस ठेवतो तशी, चिमूटभर तंबाखू त्यानं मुळाशी ठेवली, कोंब अलगद उपटला आणि पिशवीत घालता घालता म्हणाला, “पुन्हा येऊ नकोस हं, बाळा.”